स्टीलहेडच्या ट्रिपची खरी तयारी हिप्परग्याच्या तलावावर होते

गेल्या सप्टेंबरात कॅनडात ब्रिटिश कोलंबियाला स्टीलहेड मासा धरायला मासेमारीच्या लॉजवर जाऊन आलो, तेव्हापासून ओळखीतले तिघेचौघे विचारतायत की कसं जायचं, काय घ्यायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

आधी मासा समजून घ्या. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच, फक्त हा नदीत जन्मतो, पॅसिफिक समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला परत आपल्या नदीत येतो. तिकडचा सामन अंडी घातली की मरतो, स्टीलहेडमधले काही जगतात, परत समुद्रात जातात आणि पुन्हा येतात. नदीत परतल्यावर तो फारसं खात नाही, त्यामुळे त्याला भूक लागलीय म्हणून गळाला लागेल हा हिशोबच सोडून द्या. हजार कास्टला, म्हणजे हजार वेळा लाइन टाकली की, एक मासा असं तिकडे म्हणतात. मी सहा दिवसांत दोन मासे लावले आणि समाधानाने परत आलो. उजनीला तासाभरात पिशवीभर चिलापी काढायची सवय असेल तर मनाची तयारी आधी करा, बाकी सामान नंतर.

नदी निवडताना स्कीना नदीचं खोरं बघा. बॅबिन, किस्पिऑक्स, बल्कली, मोरिस या सगळ्या त्याच खोऱ्यातल्या नद्या, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा तिथला मुख्य सीझन. व्हँकुव्हरहून स्मिदर्स किंवा टेरेसला विमान आहे, पुढे लॉजवाले जेटबोटीने नाहीतर हेलिकॉप्टरने नेतात. बुक करायच्या आधी एक प्रश्न विचाराच, पाऊस पडून नदी गढूळ झाली तर तुम्ही काय करता? उजनीतून पाणी सोडलं की पंढरपुरात चंद्रभागेचा रंग कसा होतो ते आपण बघतोच, तसं झालं की फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेली बनावट माशी, माशाला दिसतच नाही आणि आठवड्याचे हजारो डॉलर पाण्यात. बॅबिन तलावातून निघते म्हणून त्यातल्या त्यात स्वच्छ राहते, किस्पिऑक्स लवकर गढूळते. आणि मासेच कमी आले तर सरकार सीझन बंदसुद्धा करतं, 2021 च्या ऑक्टोबरात स्कीना खोऱ्यात तसं झालं होतं, म्हणून पैसे परत मिळायचे नियम नीट वाचून घ्या.

कागदपत्रं लवकर सुरू करा. व्हिसाला बोटांचे ठसे द्यायला पुणे किंवा मुंबई, सोलापूरहून पुण्याला हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं. मासेमारीचं साधं लायसन्स वेगळं, क्लासिफाइड वॉटर्सचं, म्हणजे सरकारने खास ठरवलेल्या नद्यांचं वेगळं, स्टीलहेडचा स्टॅम्प वेगळा, तिन्हीबद्दल लॉजला विचारून ऑनलाइन काढा.

आता मुख्य गोष्ट, कास्टिंग. तिथे दोन हातांचा स्पे रॉड लागतो, साधारण 13 फुटी, 7 किंवा 8 वेटचा (वेट म्हणजे रॉडला चालणाऱ्या लाइनच्या वजनाचा नंबर). रॉड-रील बहुतेक लॉजवर मिळतं, पण हात तिथे मिळत नाही ओ. पहिल्यांदा रॉड तिथेच हातात धरला तर दोन दिवस शिकण्यात जातात, म्हणून निदान तीन महिने आधी इथे सुरुवात करा. मी पहिले पंधरा दिवस मैदानावर गवतात केलं ते फुकट गेलं, कारण स्पे कास्टमध्ये लाइनला पाण्याची पकड लागते, गवतावर ती नुसती सरकते. मग पहाटे सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर जायला लागलो, काठावर विचारून, गळ न लावता टोकाला फक्त लाल लोकर बांधून. रोज पाऊण तास. जोर लावू नका, वरच्या हाताने ढकलण्यापेक्षा खालच्या हाताने ओढा, 60 फूट सरळ गेली तरी भरपूर. वारा डावीउजवीकडून बदलतो तेव्हा दोन्ही खांद्यांवरून टाकता आलं पाहिजे.

नदीवर पद्धत अशी: प्रवाहाला आडवं, थोडं खालच्या दिशेला टाकायचं, लाइन प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून ठेवायची म्हणजे फ्लाय जरा बुडते, मग ती सावकाश वळत तुमच्याच काठाकडे येते. काठाशी आली की लगेच ओढू नका, थोडं थांबा, तिथेच बऱ्याचदा घेतो. मग दोन पावलं खाली आणि पुन्हा तेच. माणूस चालतो तेवढ्या वेगाचं, फार खोल नसलेलं पाणी शोधा, मासा पुष्कळदा काठाजवळच असतो, उगाच छातीभर पाण्यात शिरू नका.

झटका लागला की आपला हात आपोआप वर जातो, लहानपणापासून तेच केलंय. इथे नेमकं तेच नको. रॉड उचलला की फ्लाय तोंडातून निसटते, माझा पहिला मासा तसाच गेला आणि रात्रभर झोप लागली नाही. काही करू नका, त्याला वळू द्या, रील फिरायला लागली की मगच रॉड काठाच्या बाजूला न्या. हे तलावावर मित्राला लाइनचं टोक ओढायला लावून शिकता येतं, मी नंतर तसंच केलं.

कपड्यांत सुती काहीच नको, आतून मेरिनो लोकर, वरून वेडर (पाण्यात उभं राहायची, पाणी आत न येऊ देणारी विजार) आणि कमरेचा पट्टा घट्ट, पडलात तर पाणी आत फारसं भरत नाही. सोलापुरात जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेतली थंडी ही आपली थंडी, तिथलं पाणी हाडात शिरतं. पोलराइज्ड चष्मा हवाच, फ्लाय डोळ्याला लागू नये म्हणूनसुद्धा. अस्वलांचा स्प्रे विमानात चालत नाही, तो गाइडकडे असतो. शाकाहारी असाल तर लॉजला आधीच लिहून कळवा. शेंगा चटणी आणि कडक भाकरी मी नेली होती, विमानतळावर फॉर्ममध्ये खाण्याची वस्तू म्हणून लिहा, लपवू नका. गाइडला शेवटी टीप द्यायची पद्धत आहे, बजेटमध्ये धरून चाला.

जंगली स्टीलहेड तिथे सोडावाच लागतो, गळही एकेरी आणि बिनकाट्याचा. फोटोसाठी काठावर ओढू नका, हात आधी ओले करा, आणि आपला सोलापुरी टॉवेल कितीही मऊ असला तरी त्याने मासा धरू नका, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. एका हाताने शेपटीचं मूळ, दुसरा पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. घाई नको. शेपटी हातात जोर धरू लागली की पकड सैल करा, तो आपणहून जातो.