नवराच मागावर लागलेला ॲक्शन थ्रिलर, तोही कमी बजेटमध्ये, कसा बनवायचा

बायकोच्या मागे नवराच लागलाय, ही कथा कमी पैशात जमते त्याचं कारण म्हणजे व्हिलनला हायटेक काही लागतच नाही. बाहेरचा खुनी असला की त्याला खबरी लागतात, फोन ट्रेस करणारा कुणीतरी लागतो, चार मॉनिटरवाली खोली लागते, आणि ते सगळं दाखवायचं म्हणजे खर्च. नवऱ्याला तिचा पासवर्ड माहितीये. ती घाबरली की कोणाला फोन करते हे माहितीये, पैसे कुठे लपवते, कुठल्या गुडघ्याचा तिला त्रास आहे, झोपेची गोळी घेतली की किती वाजता डोळा लागतो, सगळं माहितीये. त्यामुळे स्क्रिप्ट लिहायला बसायच्या आधी एक यादी करा, त्याला तिच्याबद्दल काय काय माहितीये याची, आणि पिक्चरमधला प्रत्येक पाठलाग त्या यादीतल्याच कुठल्यातरी गोष्टीतून निघाला पाहिजे. "त्याने तिला कसं शोधलं?" याचं उत्तर "योगायोगाने" असं येत असेल तर तो सीन फाडून टाका.

दुसरी यादी तिची, म्हणजे तिला त्याच्याबद्दल काय माहितीये. ही बहुतेक लोक करतच नाहीत आणि मग शेवटी तिच्या हातात अचानक बंदूक येते नाहीतर तिसराच कोणीतरी येऊन तिला वाचवतो, सगळी मजा जाते. समजा त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. पहिल्या दहा मिनिटांत पार्टीतला एक सीन ठेवा, ती काही न बोलता खुर्ची बदलून त्याच्या उजव्या बाजूला बसते, बास. कोणी काही समजावून सांगत नाही. शेवटच्या मारामारीत ती डावीकडून येते आणि त्याच्या नजरेतून घेतलेला शॉट लागला की साउंडमध्ये डावी बाजू जवळजवळ बंद. याला खर्च काय आला? एक खुर्ची आणि मिक्सिंगमध्ये दोन तास.

आता एक सीन जरा जवळून बघू म्हणजे मुद्दा कळेल. ती एका बंद वर्कशॉपच्या स्टोअररूममध्ये लपलीये, अंधार, धूळ, आणि तिला दमा आहे हे आपल्याला आधीच माहितीये. नेहमीचा पिक्चर असता तर त्याने लाथ मारून दार तोडलं असतं, मग दार दोनदा बनवा, स्टंटवाला आणा, पॅड लावा. आपल्या पिक्चरमध्ये तो दारापाशी येतो आणि खाली बसतो. खिशातून तिचा इनहेलर काढतो, दोनदा हलवतो, तो खळखळ आवाज दाराच्या आतून ऐकू येतो. मग अगदी घरच्या आवाजात, "घरीच विसरलीस गं." इनहेलर दाराच्या फटीसमोर ठेवतो आणि वाट बघत बसतो. कॅमेरा आत तिच्यासोबत, फटीतून येणारी उजेडाची पट्टी आणि त्यात इनहेलरची सावली. दोन ॲक्टर, एक दार, एक लाइट, आणि माझ्या मते पाच गाड्या उडवल्या तरी एवढं टेन्शन येणार नाही.

नवरा कसा लिहायचा यावर थोडं बोलतो कारण इथेच सगळे घसरतात. तो पहिल्या सीनपासून डोळे वटारून फिरत असेल तर प्रेक्षक म्हणणार की हिने लग्नच का केलं. बाहेरच्या लोकांशी तो चांगला वागतो, मदत करतो, शेजाऱ्यांना आवडतो, म्हणूनच तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि तिला मदत न मिळण्याचं लॉजिकही तिथूनच येतं. नाहीतर प्रत्येक वेळी फोनची बॅटरी संपवावी लागते, त्याला लोक आता कंटाळलेत. अभ्यास म्हणून 'पॉवर अँड कंट्रोल व्हील' बघा, अमेरिकेतल्या डुलुथ शहरात 1984 मध्ये छळ सोसलेल्या बायकांशी बोलून हे चक्र तयार केलं गेलं. धमक्या, पैशावर ताबा, माणसांपासून तोडणं, "मी काही केलंच नाही" म्हणणं, असे प्रकार त्यात मांडलेत, त्यातले दोन-तीन उचलले तरी नवरा कार्टून वाटत नाही. आणि "ती आधीच सोडून का नाही गेली" हा प्रश्न कोणी विचारलाच तर त्याचं उत्तर आपल्या कथेतच आहे, सोडून जाण्याचा काळ हाच अशा बायकांसाठी सगळ्यात धोक्याचा असतो. म्हणून पिक्चर तिच्या निघण्यापासून सुरू करा. त्याआधीचं लग्न छोट्या छोट्या सवयींतून दाखवा, अर्धा तास फ्लॅशबॅक नको प्लीज.

स्क्रिप्ट 85 पानांच्या आसपास ठेवा, पानाला एक मिनिट हा ढोबळ हिशोब. लोकेशन तीन, फार तर चार, आणि त्यातलं एक असं शोधा की एकाच आवारात पाच वेगवेगळ्या जागा मिळतील, बंद कारखाना, ऑफ सीझनमधलं रिसॉर्ट, बांधकाम चालू असलेली इमारत वगैरे. युनिट हलवण्यात जो वेळ जातो तो कुठल्याच पानावर दिसत नाही पण दिवस खाऊन टाकतो. लोकेशन बघायला जाल तेव्हा जिथे शूट करायचंय त्याच वेळी जा आणि डोळे मिटून पाच मिनिटं उभे राहा, जनरेटर, हायवे, विमानं, कुत्री, काय ऐकू येतंय ते लिहून घ्या. दिसायला भारी पण साउंडला भयानक अशा जागेत अख्खा पिक्चर डब करायची वेळ येते.

शेड्यूलमध्ये पान आठ भागांत मोजतात, म्हणजे "दोन पूर्णांक तीन अष्टमांश पानं आज" असं. बोलण्याचे सीन दिवसाला चार-पाच पानं होतात. ॲक्शनचं एक पान अख्खा दिवस घेऊ शकतं, "ते झटापट करतात आणि ती निसटते" ही एक ओळ लिहायला सोपी असते पण तिचे पंचवीस शॉट होतात. म्हणून मोठे ॲक्शन सीन तीनच ठेवा, आणि तिन्ही वेगळ्या जातीचे, एक पळण्याचा, एक लपण्याचा, एक भिडण्याचा. नवरा-बायकोचे शांत, प्रेमाचे सीन जमलं तर पहिल्याच आठवड्यात शूट करा, दोन्ही ॲक्टरचा एकमेकांवर भरवसा बसतो आणि मग गळा दाबायचा सीन आला की कोणी अवघडत नाही.

सेटवर खरी बंदूक, ब्लँक काडतूस (म्हणजे गोळी नसलेलं, नुसता बार काढणारं) काहीही आणू नका. यावर चर्चा नाही. 1993 मध्ये 'द क्रो'च्या सेटवर ॲक्टर ब्रँडन ली गेले, नळीत अडकलेला गोळीचा तुकडा ब्लँकच्या दाबाने बाहेर आला होता. 2021 मध्ये 'रस्ट'च्या सेटवर सिनेमॅटोग्राफर हलिना हचिन्स गेल्या, तिथे तर बंदुकीत खरी गोळी निघाली. आपल्याला रबराची किंवा न उडणारी नकली बंदूक पुरते, उजेडाचा भपका एडिटमध्ये टाकता येतो, ॲक्टरने हाताला झटका दिला की झालं. आणि नकली हत्यार घेऊन कुठेही शूट करणार असाल तर पोलिसांना आणि आजूबाजूच्यांना आधी कळवा, हातात बंदूक घेऊन बाईच्या मागे पळणारा माणूस लांबून खराच वाटतो. खरं तर या कथेत बंदूक नसलेलीच बरी, ती आली की नवरा कुठल्याही गुंडासारखा होतो.

मारामारीत नियम असा की ज्याला मार बसतोय, कंट्रोल त्याच्याकडे. गळा दाबताना दाबणाऱ्याच्या हातात जोर नसतोच, जिचा गळा आहे ती त्याचे मनगट धरून स्वतःकडे ओढते आणि सोडवायचा आव आणते, तो उलट बाहेरच्या बाजूला ताण देतो. केस ओढायचे असतील तर त्याने डोक्यावर नुसती मूठ ठेवायची, तिने दोन्ही हातांनी ती मूठ डोक्यावर घट्ट दाबून धरायची आणि हलायचं ते तिनेच. ठोसा चेहऱ्यापासून चांगला लांबून जातो, कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवला की हात आणि चेहरा एका रेषेत येतात आणि मधलं अंतर गायब होतं. विकतो तो ठोसा नाही, मानेचा झटका आणि नंतर लावलेला आवाज. फाइट डायरेक्टर अगदी दोनच दिवसांसाठी परवडला तरी घ्या, ते पैसे ड्रोनच्या भाड्यातून काढा. आधी अर्ध्या वेगात, मग पाऊण वेगात, पूर्ण वेगात फक्त टेक. आणि "कट" ओरडायचा हक्क सेटवरच्या प्रत्येकाला, चहा देणाऱ्यालासुद्धा.

पळण्याचे शॉट घेताना दिशा सांभाळा. ती डावीकडून उजवीकडे पळतेय तर तोही डावीकडून उजवीकडेच, उलटं झालं की दोघं एकमेकांना भेटायला निघाल्यासारखे दिसतात. दिशा बदलायचीच असेल तर मध्ये एक शॉट कॅमेऱ्याच्या थेट समोरून येणारा टाका. लांब लेन्सवर, 135 किंवा 200 एमएम, मागचा माणूस पुढच्याच्या मानेवर आल्यासारखा वाटतो, म्हणजे खरंच जवळ पळवायची गरज नाही. वेग हवा असेल तर वाइड लेन्स, कॅमेरा खाली, आणि मध्ये जाळी, झुडपं, खांब, काहीतरी सटासट सरकत राहिलं पाहिजे, मोकळ्या मैदानात ऑलिम्पिकवाला पळाला तरी तो हळूच दिसतो. सेकंदाला 24 ऐवजी 22 फ्रेमवर शूट केलं की साधारण नऊ टक्के वेग वाढतो आणि कोणाला कळत नाही. त्याखाली फार गेलात तर कॉमेडी होते.

गाडीतले सीन रात्रीचे लिहा आणि गाडी चालवूच नका. अंधाऱ्या जागी उभी करा, एकाने फळी लावून बंपर हळूहळू हलवायचा, दोघांनी लाइट घेऊन बाजूने चालायचं म्हणजे काचेवरून स्ट्रीटलाइट गेल्यासारखे वाटतात, मागच्या काचेत लांबवर दोन छोटे लाइट ठेवा, झाली नवऱ्याची गाडी. ॲक्टरला स्टिअरिंग सारखं हलवू देऊ नका, सरळ रस्त्यावर कोणी एवढं हलवत नाही.

जंगल, शेत असं मोठं काही रात्रीचं दाखवायचं असेल आणि लाइट नसतील तर दिवसा शूट करून रात्र करता येते. सूर्य ॲक्टरच्या पाठीमागून हवा, आकाश फ्रेममध्ये नको, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स 3200 केल्विनला म्हणजे चित्र निळसर येतं, एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप खाली, बाकी निळं-काळं कलरिंगमध्ये. ढगाळ दिवशी हे करू नका, सगळं नुसतं मळकट दिसतं. घर किंवा पेटलेला दिवा फ्रेममध्ये असेल तर त्यापेक्षा सूर्य मावळल्यानंतरची, आकाशात थोडा उजेड असतानाची वीस-पंचवीस मिनिटं धरा.

कपड्यांचं विसरू नका. पळणारी बाई जवळपास अख्खा पिक्चर एकाच ड्रेसमध्ये असते, म्हणून तोच ड्रेस चार नग तरी, स्वच्छ, मळलेला, फाटलेला, रक्ताचा, आणि स्टंटवालीसाठी वेगळा. जखमांचा तक्ता बनवा, कुठल्या सीनमध्ये कुठल्या बाजूला किती सूज, किती रक्त, ओलं की वाळलेलं, आणि प्रत्येक सीन संपला की फोटो. शूटिंग उलटसुलट होतं आणि भुवईवरची जखम डावीकडून उजवीकडे गेली की लोक स्क्रीनशॉट काढून हसतात. नकली रक्त कॉर्न सिरप आणि खाण्याच्या रंगाचं, पण आधी कापडावर आणि लोकेशनच्या फरशीवर टेस्ट करा, रंग जात नाही कधीकधी.

कॅमेऱ्यापेक्षा साउंडवर खर्च करा, हे सगळे सांगतात आणि कोणी ऐकत नाही. या पिक्चरमध्ये तर तिचा श्वास म्हणजे अर्धं बॅकग्राउंड म्युझिक आहे. रोज पॅकअपच्या आधी हिरॉइनला पंधरा मिनिटं शांत खोलीत बसवून श्वास रेकॉर्ड करा, पळून आल्याचा, तोंड दाबून धरलेला, रडू आवरतानाचा, दम्याचा. प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनिट नुसता त्या जागेचा रिकामा आवाज रेकॉर्ड करायचा, एडिटर तुमचे पाय धरेल. त्याच्या चपला-बुटांचा किंवा किल्ल्यांचा एक ठरावीक आवाज पक्का करा आणि पहिल्या प्रेमाच्या सीनमध्येच तो ऐकवून ठेवा. मग नंतर नवरा दाखवायचीही गरज नाही, जिन्यावर तो आवाज आला की पुरे, त्या दिवशी ॲक्टरला बोलवावंही लागत नाही.

एडिटमध्ये पहिला कट दोन तासांचा होणारच. त्यातून जिथे तो "मी असं का करतोय" हे बोलून दाखवतो ते सगळं काढा. मग अशा पाच-सहा लोकांना दाखवा ज्यांनी स्क्रिप्ट वाचलेली नाही, आणि "आवडला का" विचारू नका, "तिने इथे असं का केलं नाही?" असं कुठे कुठे मनात आलं ते विचारा. तीन जणांनी एकच जागा दाखवली तर ते भोक खरं आहे, आणि बहुतेक वेळा ते एका ओळीच्या डबिंगने किंवा एका इन्सर्ट शॉटने बुजतं. त्यासाठी एक दिवसाचं पिकअप शूट, म्हणजे राहिलेले शॉट नंतर घेणं, बजेटमध्ये आधीच बाजूला काढून ठेवा, त्या पैशाला हात लावायचा नाही.

डायरेक्टर रॉबर्ट रॉड्रिग्जने 'एल मारियाची' हा पिक्चर सात हजार डॉलरमध्ये शूट केला हे सगळे सांगतात, पण थिएटरला लावायच्या आधी स्टुडिओने साउंड, प्रिंट आणि मार्केटिंगवर त्याच्या कित्येक पट खर्च केला ते कोणी सांगत नाही. म्हणून सगळे पैसे शूटिंगलाच उडवू नका. डायलॉग, म्युझिक आणि इफेक्ट्स वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवा, डायलॉग काढून बाकी पूर्ण साउंड देता आला नाही तर दुसऱ्या भाषेत डब करणारा घेणारच नाही, आणि अशा पिक्चरला बाहेरचं मार्केट बऱ्यापैकी मिळू शकतं कारण पळणाऱ्या बाईला भाषा फारशी लागत नाही. म्युझिकचे हक्क, ॲक्टर आणि लोकेशनच्या सह्या, सगळं कागदावर, शूटिंगच्या आधी. आणि किमान दोन दिवस वेगळा स्टिल फोटोग्राफर ठेवा, व्हिडिओतून काढलेली फ्रेम पोस्टरला हललेलीच निघते, आणि पिक्चर बघायच्या ॲपवर दिसणाऱ्या बोटभर फोटोत बाईचा चेहरा आणि मागे आउट ऑफ फोकस नवरा एवढंच दिसतं, त्यावरच लोक क्लिक करतात किंवा पुढे जातात.