मिस्सेला जाताना रस्त्यात अपघात दिसला तर काय करायचं

सरळ सांगतो, थांबायचं. मिस्सा (चर्चमधली रविवारची उपासना) चुकेल ना? चुकू दे. तसंच गंभीर कारण असेल तर रविवारची मिस्सा चुकली म्हणून पाप लागत नाही, ही चर्चचीच शिकवण आहे, पण आपल्या डोक्यात ती हजेरी फिट्ट बसलीय.

मी स्वतः एकदा पुढे निघून गेलोय. त्या दिवशी मिस्सेत बायबलमधलं पहिलं वाचन माझं होतं, उशीर झालेला, कडेला बाईक आडवी पडलेली आणि तीन-चार माणसं उभी, मनात म्हटलं आहेत की लोक. वाचन छान झालं. परत येताना तिथे एक चप्पल तेवढी पडलेली. बायबलमध्ये लूकच्या १०व्या अध्यायातल्या गोष्टीत रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाच्या बाजूने याजक आणि लेवी (मंदिरातला सेवक) असेच निघून गेले आणि थांबला कोण, तर शोमरोनी (शोमरोन प्रांतातला माणूस), ज्याच्याशी यहुदी संबंधच ठेवत नव्हते.

तर आधी स्वतःची गाडी बाजूला घ्या, इंडिकेटर चालू ठेवा. १०८ला फोन लावा (लागला नाही तर ११२) आणि जागा नीट सांगा, पेट्रोल पंप, पुलाचं नाव, जे समोर दिसेल ते. प्रार्थना मनात करा, तोंडाने पत्ता सांगा. जखमी माणसाला उगाच उचलू नका, मान वळवू नका, आणि कोणीतरी पाण्याची बाटली घेऊन येतोच, त्याला थांबवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल घट्ट दाबून धरा, सारखा उचलून बघू नका. नाव विचारा, पण ते शुद्धीवर आहे का बघायला, आडनावावरून जात-धर्म काढायला नाही. आणि फोटो ग्रुपवर टाकू नका प्लीज.

पोलिसांची भीती वाटते ना? २०१९ला मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, मदत करणाऱ्यावर केस होत नाही, स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही. त्या कलमाचं नावच गुड समॅरिटन, म्हणजे आपलाच शोमरोनी की!

जमलं तर दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला चक्कर मारा. शोमरोन्याने पण जखमीला उतारशाळेत ठेवून उतारशाळेवाल्याला दोन चांदीची नाणी देऊन परत येतो म्हटलेलं. डबा न्या आणि फोनचा चार्जर न्या, पायऱ्यांवर बसलेल्या घरच्यांना चार्जर आधी लागतो.