युक्तिवादाच्या प्रश्नांत पुरावा कसा पारखावा

यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेतील सीसॅट या अभियोग्यता चाचणीत युक्तिवादाचा प्रश्न आला, की प्रथम प्रश्न वाचावा, मग उतारा. उताऱ्यातील निष्कर्षाखाली रेघ ओढावी आणि तो समासात स्वतःच्या शब्दांत, मराठीत लिहावा. सीसॅटची प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजीतच छापलेली असते. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींनी ही एक ओळ लिहिण्याचा कंटाळा मुळीच करू नये.

खरी अडचण पुढे येते. ‘हा युक्तिवाद तपासण्यासाठी कोणती माहिती सर्वाधिक उपयोगी ठरेल?’ या प्रश्नावर मी जितका अडखळलो, तितका दुसऱ्या कुठल्याही प्रकारावर नाही. अशा वेळी ‘उताऱ्यातले शब्द ज्या पर्यायात दिसतील तो निवडा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो साफ चुकीचा आहे, कारण प्रश्न काढणारा फसवा पर्याय नेमका त्याच शब्दांनी सजवतो.

एक काल्पनिक उतारा घेऊ. निपाणी परिसरातील काही शेतकऱ्यांनी तंबाखू सोडून सोयाबीन घेतले, त्या वर्षी त्यांचे उत्पन्न वाढले. म्हणून तेथील सर्वच तंबाखू उत्पादकांनी सोयाबीन घेतल्यास त्यांचेही उत्पन्न वाढेल. आता तीन पर्याय पाहा: पीक बदलणाऱ्यांच्या जमिनीला इतरांपेक्षा अधिक पाणी होते का? तंबाखू आरोग्याला अपायकारक आहे का? या शेतकऱ्यांचे उत्पन्न राज्याच्या सरासरीहून जास्त होते का?

प्रत्येक पर्यायाला आधी ‘होय’ आणि मग ‘नाही’ असे उत्तर द्यावे आणि दोन्ही वेळा निष्कर्षाकडे पाहावे. पाणी अधिक असेल, तर वाढ पिकामुळे झाली की पाण्यामुळे, हे सांगता येत नाही आणि निष्कर्ष डळमळतो. अधिक नसेल, तर ती शंका मिटते आणि निष्कर्षाला बळ मिळते. आरोग्याचे उत्तर काहीही आले तरी उत्पन्नाचा प्रश्न जागच्या जागी राहतो. तिसऱ्या पर्यायात ‘उत्पन्न’ हा शब्द आहे, म्हणून बहुतेक जण तिथेच फसतात. पण पीक बदलल्याने उत्पन्न वाढेल का, याच्याशी राज्याच्या सरासरीचा काही संबंध नाही. उत्तर बदलल्यावर निष्कर्षाचे पारडे हलत नसेल, तर तो पर्याय कितीही महत्त्वाचा वाटला तरी खोडावा.

या टप्प्यावर स्वतःचे मत मध्ये आणू नये, हे मी पुन्हा पुन्हा बजावतो. उतारा कृष्णेच्या पुराचा, अलमट्टी धरणाच्या पाणीपातळीचा किंवा महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा असला की आपल्या भागातला विद्यार्थी उतारा बाजूला ठेवून घरात, चौकात ऐकलेल्या वादाचे उत्तर देऊ लागतो. सीमाप्रश्नावरील महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालाबद्दल तुमचे मत काहीही असो, प्रश्न फक्त समोरच्या चार ओळींतील दुव्याविषयी असतो.

युक्तिवाद बळकट किंवा कमकुवत करणारे विधान विचारले असेल, तर प्रत्येक पर्याय खरा धरूनच चालावे. ‘सर्व’, ‘कधीच नाही’ असे ठाम शब्द दिसताच पर्याय खोडण्याची सवय, उताऱ्यावरून काय निष्पन्न होते हे विचारणाऱ्या अनुमानाच्या प्रश्नांत कामाला येते. इथे मात्र ती घातक ठरते, कारण ठाम पुरावाच निष्कर्षाला जोराचा धक्का देतो.

सीसॅटमध्ये चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण वजा होतात. म्हणून दोन पर्याय उरल्यास त्यांनाच पुन्हा होय-नाहीची कसोटी लावावी आणि ज्याच्या दोन उत्तरांनी निष्कर्षात अधिक फरक पडतो, तो निवडावा.