बाराशे सीसीच्या गाडीला कोल्ड एअर इन्टेक: फिल्टर कुठे बसतो, यावर सगळं अवलंबून

टर्बो नसलेलं 1200 सीसीचं पेट्रोल इंजिन 6000 आरपीएमला मिनिटाला साधारण 3000 लिटर हवा ओढतं. ही हवा गार असेल तर दाट असते: 60 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांची हवा साडेचार-पाच टक्के दाट. कोल्ड एअर इन्टेकचा, म्हणजे इंजिनला बाहेरची गार हवा देणाऱ्या बदली पाईप-फिल्टरचा, खरा फायदा एवढाच. चकचकीत पाईप आणि शंकूसारखा उघडा फिल्टर बॉनेटखाली मोकळा ठेवला, तर तो रेडिएटर आणि एक्झॉस्टची तापलेली हवा ओढतो. गाडी आवाज जास्त करते आणि पळते कमी. कंपनीचा एअर फिल्टरचा काळा डबा बहुतेक गाड्यांत ग्रिलजवळून बाहेरचीच हवा घेतो, हे विसरू नका. त्यामुळे मोठ्या ताकदीची अपेक्षा ठेवून पैसे घालू नका. आवाज खुलतो, वरच्या आरपीएमला थोडा मोकळेपणा येतो.

किट घेण्याआधी बॉनेट उघडून एक गोष्ट बघा. फिल्टरच्या डब्यानंतरच्या पाईपवर दोन स्क्रूंनी बसवलेला, चार-पाच वायरींचा सेन्सर आहे का? असेल तर तो मास एअरफ्लो सेन्सर, म्हणजे मॅफ. तो पाईपमधल्या हवेचा वेग मोजतो आणि त्याचं गणित मूळ पाईपच्या व्यासावर बांधलेलं असतं. 60 मिमीऐवजी 65 मिमीचा पाईप लावला की आतलं क्षेत्रफळ 17 टक्के वाढतं, सेन्सरला हवा सुमारे 15 टक्के कमी दिसते आणि इंजिन तेवढं पेट्रोल कमी सोडतं. म्हणून सेन्सरच्या जागी आतला व्यास मूळ पाईपइतकाच हवा. व्हर्नियरने मोजून घ्या, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. पाईपवर मॅफ नसेल तर गाडी बहुधा मॅपवर, म्हणजे मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) दाबावर चालते. तिथे व्यासाची एवढी काटेकोर गरज नाही. सीएनजीच्या गाडीत मात्र हात घालू नका.

सामान: 8, 10 आणि 12 मिमीचे सॉकेट, फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, पक्कड, क्लिपा काढायची पट्टी, किटमधले सिलिकॉन कपलर आणि स्टीलच्या होज क्लिपा, रबरी बुश, दीड मिमीचा अॅल्युमिनियमचा पत्रा, त्याच्या कडेला लावायची रबरी बीडिंग आणि ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला जोडून सेन्सरचे आकडे आणि एरर कोड दाखवणारा).

इंजिन तासभर गार होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. प्रत्येक पाईप आणि कनेक्टरचा फोटो काढून ठेवा. सेन्सरचा कनेक्टर लॉक दाबून सोडवा, वायर ओढून नाही. मॅफ काढताना आतल्या बारीक तारेला बोट लागू देऊ नका. ब्रीदरचा (इंजिनच्या पोटातली वाफ परत इन्टेकमध्ये आणणारा) पाईप काढा, क्लिपा ढिल्या करा, डब्याचे 10 मिमीचे बोल्ट काढा. बहुतेक डबे खाली एका रबरी बुशात खुंटीने अडकलेले असतात; बोल्ट निघूनही डबा येत नसेल तर सरळ वर उचला, तिरका ओढलात तर खुंटी तुटते. थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या) तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. तिथून आत पडलेला एक नट इंजिन उघडायला लावतो.

आता नवा पाईप आधी सैल जुळवा. कपलर दोन्ही बाजूंना किमान 20 मिमी चढला पाहिजे आणि क्लिप कडेपासून 5 मिमी आत बसली पाहिजे. मॅफवरचा बाण इंजिनच्या दिशेने. ब्रीदर मॅफ आणि थ्रॉटलच्या मधल्या नळीलाच जोडा. त्याच्या तोंडावर छोटा फिल्टर लावून मोकळा सोडायची पद्धत मॅफच्या गाडीत चालत नाही, कारण न मोजलेली हवा आत जाते. हवेच्या तापमानाचा सेन्सर वेगळा असेल तर तोही नव्या पाईपमध्ये ग्रोमेटसकट (रबरी कड्यासकट) बसवा. बॉनेटखाली लोंबकळत ठेवलात तर तो इंजिनची गरमी वाचतो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो.

फिल्टरची जागा हे खरं काम. किटबरोबरच्या चित्रांत बरेचदा फिल्टर बंपरच्या मागे, फेंडरच्या खाली दाखवलेला असतो. हवा तिथे सर्वांत गार, हे खरं. पण हिशोब करा: चार सिलिंडर धरले तर एकाचे 300 सीसी, कॉम्प्रेशन 10:1, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरते जेमतेम 33 मिलिलिटर जागा. चहाचे सात चमचे पाणी त्यात गेलं की पिस्टनला जागा राहत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मुंबई-ठाण्यात जुलैत रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं. म्हणून फिल्टर मूळ डब्याच्या जागीच, उंचावर ठेवा. त्याच्या इंजिनकडच्या बाजूला पत्र्याची भिंत उभी करा, वरच्या कडेची बीडिंग बॉनेटला टेकू द्या, आणि ग्रिलकडून येणारी कंपनीची नळी त्या कप्प्यात सोडा. तळाला पाणी निघायला एक भोक ठेवा.

उंचीची खात्री करायला पाईपवर आणि भिंतीवर कणकेचे छोटे गोळे ठेवून बॉनेट हळूच बंद करा. पाईपवरचा गोळा दबून 12 मिमीपेक्षा पातळ झाला असेल तर पाईप खाली घ्या. इंजिन झटक्याने हलतं आणि पाईप आपटतो. सगळं जुळलं की फडकं काढा आणि थ्रॉटलकडून फिल्टरकडे एकेक क्लिप घट्ट करा. सिलिकॉन क्लिपच्या खाचांतून बाहेर फुगायला लागलं की थांबा.

बॅटरी जोडा, की ऑन करून दहा सेकंद थांबा, मग सुरू करा. एसी बंद ठेवून रेडिएटरचा पंखा एकदा लागून थांबेपर्यंत आयडलवर चालू द्या. आता स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त (प्लस) किंवा कमी पेट्रोल सोडतोय ते. आयडलला ट्रिम बराच प्लसमध्ये आणि आरपीएम वाढवल्यावर उतरणारा असेल तर मॅफनंतरचा एखादा जोड हवा खातोय. सगळ्या आरपीएमला सारखाच प्लस असेल तर पाईपचा व्यास चुकला. P0171 (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) हा कोड या दोन्हीत येतो, P0102 (मॅफचा सिग्नल कमी) किंवा P0113 (हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा सिग्नल जास्त) आला तर आधी कनेक्टर तपासा. मॅपच्या गाडीत थ्रॉटलआधीची गळती ट्रिममध्ये दिसत नाही, पण तिथून धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. तिथे प्रत्येक जोड हाताने हलवून बघण्याला पर्याय नाही. नंतर रस्त्यावर 60 च्या वेगाने दहा मिनिटं चालवून आत जाणाऱ्या हवेचं तापमान स्कॅनरवर वाचा. बाहेरच्यापेक्षा दहा-बारा अंश जास्त चालेल. वीसच्या पुढे गेलं तर भिंतीत कुठेतरी फट आहे.

100 किमीनंतर क्लिपा पुन्हा तपासा. कापडी फिल्टर धुळीच्या रस्त्यावर 5000 किमीला धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. फिल्टरचं तेल प्रत्येक घडीवर एकच बारीक रेघ. जास्त झालं की ते उडून मॅफच्या तारेवर बसतं आणि गाडी आयडलला डुलू लागते. तार फक्त मॅफ क्लीनरनेच साफ करा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत आणि 2019 च्या दुरुस्तीने प्रत्येक नियमबाह्य बदलाला 5000 रुपये दंड ठेवला, त्यामुळे हे करण्याआधी विमा कंपनीला, आणि गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरलाही, लेखी विचारा. जुना डबा, बोल्ट आणि बुश एका पिशवीत नाव लिहून ठेवा. ज्यांची गाडी पाणी साचणाऱ्या रस्त्यावरून जाते त्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात तोच डबा परत बसवावा. सवय झाली की अर्ध्या तासाचं काम आहे.