पौष्टिक खाऊनही वजन वाढते आहे? या चुका टाळा

साखर सोडली, मैदा घरात येणे बंद झाले, बिस्किटांच्या जागी बदाम-अक्रोड आले, पोळीऐवजी ज्वारीची भाकरी सुरू झाली; आणि दोन महिन्यांनी काट्यावर उभे राहिल्यावर वजन दीड किलोने वाढलेले दिसले. असा अनुभव आलेल्या माणसाला बहुधा ऐकावे लागते ते हे, की ‘अधूनमधून चोरून खात असाल’. हे बोलणे अन्यायाचे आहे. त्याने बहुतेक वेळा खरोखरच मनापासून आहार बदललेला असतो. फक्त तो बदल पदार्थांच्या निवडीत झालेला असतो, कॅलरींच्या बेरजेत नाही, आणि ‘पौष्टिक’ हा शब्द त्या बेरजेविषयी काहीच सांगत नाही.

तेल आणि कूट न मोजणे

मराठी स्वयंपाकघरातली सर्वांत मोठी गफलत इथेच होते, म्हणून तिच्यापाशी थोडे अधिक थांबतो. कर्बोदकांच्या किंवा प्रथिनांच्या एका ग्रॅममधून ४ कॅलरी मिळतात, तर तेला-तुपाच्या एका ग्रॅममधून जवळपास ९. मग ते तेल रिफाइंड असो, लाकडी घाण्याचे असो की ऑलिव्हचे. एका मोठ्या चमच्यात साधारण १४ ग्रॅम तेल मावते, म्हणजे १२० कॅलरींहून थोडे अधिकच. घाण्याचे महागडे तेल किंवा घरी कढवलेले साजूक तूप आले की ‘हे तर चांगलेच आहे’ या विश्वासाने हात सैल होतो आणि वजन वाढायला तेवढे पुरते.

पळीने घातलेले तेल कोणी मोजत नाही, म्हणून ते महिन्याच्या किराणावरून मोजावे. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल, म्हणजे जवळपास ३४० कॅलरी येतात, आणि यात तूप, दाणे व बाहेरचे खाणे धरलेलेच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांमधील २,००० कॅलरींच्या नमुना ताटात तेल-तूप २७ ग्रॅम, तर सुकामेवा व तेलबिया ३५ ग्रॅम धरल्या आहेत. बैठे काम करणाऱ्या अनेक स्त्रियांची रोजची गरज तर २,००० कॅलरींहूनही कमी असते.

दाण्याच्या कुटाचेही तसेच आहे. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५६५ कॅलरी असतात. कोशिंबिरीत दोन चमचे, भाजीत मूठभर आणि संध्याकाळी भूक लागली म्हणून भाजलेले दाणे, असे करता करता वाटीभर दाणे पोटात जातात आणि जेवण मात्र ‘साधेच’ वाटते. दाणे, बदाम, अक्रोड हे उत्तम पदार्थ आहेत आणि ते सोडण्याचे काहीच कारण नाही. परंतु ते बिस्किटांच्या जागी खायचे असतात, जेवणावर आणखी भर म्हणून नव्हे. दिवसाचा वाटा सकाळीच एका छोट्या वाटीत काढून ठेवला, तर डब्यात पुन्हा पुन्हा हात जात नाही.

साखरेच्या जागी गूळ, मध आणि फळांचा रस

गुळाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३८० कॅलरी असतात आणि साखरेत त्याहून किंचितच जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेविषयी दिलेल्या सूचनांत मध आणि फळांचा रस यांतील साखरही वरून घातलेल्या साखरेसोबतच मोजली आहे. तीन संत्री सोलून खायला वेळ लागतो आणि पोट भरते. त्यांचाच रस दोन मिनिटांत संपतो आणि जेवण पूर्वीइतकेच जाते. फळ चावूनच खावे.

भाकरी आणि उपास

ज्वारीच्या पिठात गव्हाच्या पिठाएवढ्याच कॅलरी असतात. भाकरीने अनेकांना पोट लवकर भरल्यासारखे वाटते एवढाच तिचा फायदा. मात्र एका जाड भाकरीला पातळ पोळीच्या जवळजवळ दुप्पट पीठ लागते, हे लक्षात न घेता तीन पोळ्यांऐवजी तीन भाकऱ्या खाल्ल्या, तर बेरीज वाढणारच. उपासाचे गणितही मांडून पाहावे: ६० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम कूट आणि मोठा चमचाभर तेल यांची खिचडी ५०० कॅलरींच्या घरात जाते, आणि साबुदाणा जवळपास सगळा पिष्टमयच असल्याने थोड्या वेळात पुन्हा भूक लागते.

अंदाजावर विसंबणे

न्यूयॉर्कमधील संशोधकांनी १९९२ मध्ये ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या दहा जणांच्या आहाराची आणि हालचालीची प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा त्यांनी आपला आहार सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त सांगितल्याचे आढळले. हे लोक खोटे बोलत होते, असा याचा अर्थ मी लावत नाही; अन्नाचा डोळ्यांनी केलेला अंदाज चुकतोच, आणि तो कोणाचाही चुकतो. म्हणून फक्त सात दिवस, जेवणाआधी, तेल, पीठ, भात व दाणे वजन करून वहीत लिहावेत. अर्ध्या तासाच्या भरभर चालण्यात साठ किलो वजनाच्या व्यक्तीच्या सुमारे १३० कॅलरी खर्च होतात. घरी येऊन खाल्लेला एक डिंकाचा लाडू त्या भरून काढतो.

काट्यावरचा आकडा म्हणजे चरबी समजणे

आदल्या रात्री लोणचे-पापडासह झालेले जेवण, मासिक पाळीच्या आधीचे दिवस, बद्धकोष्ठ किंवा नव्याने सुरू केलेल्या व्यायामाने दुखणारे स्नायू, यांपैकी कशानेही शरीरात पाणी किंवा मळ साठून वजन एक-दोन किलोंनी वर दिसू शकते. वजन सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापूर्वी करावे आणि एका दिवसाचा आकडा नव्हे, तर आठवड्याची सरासरी पाहावी. सोबत कंबरेचा घेर मापावा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानली जाते. वजन तेवढेच असून घेर कमी होत असेल, तर आहार काम करतो आहे.

तपासणी लांबवणे

महिनाभर नीट मोजूनही वजन वाढतच राहिले, तर स्वतःला दोष देत आणखी कमी खाऊ नये. थायरॉइडची कमतरता, पीसीओएस (स्त्रियांच्या बीजांडकोशांशी निगडित संप्रेरकांचा विकार), अपुरी झोप, तसेच स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या व मानसिक आजारांवरच्या काही गोळ्या यांनीही वजन वाढते. अशा गोळ्या परस्पर बंद करू नयेत; पर्याय आहे का, हे डॉक्टरांनाच विचारावे आणि वजनाची वही सोबत न्यावी. मात्र काही दिवसांतच दोन-तीन किलो वजन वाढले, पावलांवर सूज आली किंवा चालताना धाप लागू लागली, तर तो आहाराचा प्रश्न नसून हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा असू शकतो, आणि तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा.