इन्सुलिन रेझिस्टन्स कसा कमी करायचा: कंबर, ताट आणि स्नायू

उपाशीपोटीची साखर ९८. रिपोर्टवर नॉर्मल. पण पोट सुटलेलं, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड्स १५०च्या वर, ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल एचडीएल कमी, मानेच्या घडीतली आणि काखेतली कातडी काळी, जाडसर झालेली. हे सगळं एकत्र दिसत असेल तर इन्सुलिन रेझिस्टन्सची, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची, शंका घ्यायलाच हवी. साखर नॉर्मल दिसते कारण स्वादुपिंड नेहमीपेक्षा जास्त इन्सुलिन ओतून ती नॉर्मल ठेवत असतं. हा जादा भार ते वर्षानुवर्षं उचलू शकतं. ते थकायला लागलं की मग कुठे साखरेचा आकडा हलतो. म्हणून आकडा हलायची वाट बघू नये.

बिघाड मुख्यतः दोन ठिकाणी असतो आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. हे नीट समजलं तर पुढचं बरंचसं आपोआप सुचतं.

पहिलं ठिकाण यकृत. आपण उपाशी असताना यकृत रक्तात साखर सोडत राहतं आणि इन्सुलिन त्याला ‘आता पुरे’ म्हणून सांगतं. यकृतात चरबी साठली की ते हा निरोप नीट ऐकत नाही. रात्री काहीही न खाता सकाळची साखर जास्त येते ती बहुतेक यामुळे. दुसरं ठिकाण स्नायू. जेवणानंतरच्या साखरेचा मोठा वाटा त्यांनी उचलायचा असतो. पण बसून राहिलेल्या स्नायूंमधली ग्लायकोजेनची (साठवून ठेवलेल्या साखरेची) साठवण आधीच भरलेली असते, वर पेशींच्या आत चरबीही असते, त्यामुळे साखर आत घ्यायला ते टाळाटाळ करतात. यकृतातली चरबी वजन उतरवून निघते, स्नायूंना व्यायामाने जाग येते. फक्त एकच बाजू धरली तर निम्मं काम पडून राहतं.

आधी मोजून घ्या

रात्रभर ८ ते १२ तास उपाशी राहून एकाच रक्तनमुन्यातून ग्लुकोज आणि इन्सुलिन दोन्ही तपासून घ्यायचं. दोघांचा गुणाकार करून ४०५ने भागायचं. ग्लुकोज मिग्रॅ प्रति डेसिलिटरमध्ये आणि इन्सुलिन मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटरमध्ये हवं. येणाऱ्या आकड्याला होमा-आयआर म्हणतात. वरच्या उदाहरणात इन्सुलिन १६ आलं असेल, तर ९८ × १६ ÷ ४०५ = साधारण ३.९. दोन-अडीचच्या वरचा आकडा सहसा रेझिस्टन्सकडे बोट दाखवतो. पण प्रत्येक लॅबची इन्सुलिन मोजण्याची पद्धत सारखी नसते, म्हणून सर्वमान्य अशी एकच सीमारेषा नाही. पुढची तपासणी त्याच लॅबमध्ये करा. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आधी सांगा, त्यांनी इन्सुलिनचा आकडा चुकू शकतो.

घरच्या घरी मोजायची सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे कंबर. टेप बेंबीवर किंवा पँटच्या पट्ट्यावर लावायची नाही. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपडून शोधा आणि त्यांच्या बरोब्बर मध्ये टेप धरा. ती जमिनीला समांतर हवी, कातडीत रुतायला नको. नेहमीसारखा श्वास सोडल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढलंत तर फसवणूक स्वतःचीच. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी, म्हणजे उंची १६४ सेंमी असेल तर ८२च्या आत. वजनकाट्यावर बारीक ठरणाऱ्या माणसाचीही कंबर या हिशेबात जास्त भरू शकते, आणि यकृतात चरबी असण्याची शक्यता त्याच्याही बाबतीत धरावी लागते.

वजन: किती आणि किती वेगाने

अमेरिकेतल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निष्कर्ष २००२ साली आले. त्यात मधुमेहाच्या उंबरठ्यावरची ३,२३४ माणसं होती. एका गटाला वजनाच्या ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच लक्ष्य दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. ८० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. आदर्श वजन गाठायची गरज नाही, आणि हीच गोष्ट लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं.

रोजच्या गरजेपेक्षा ५०० किलोकॅलरी कमी खाल्ल्या तर सुरुवातीला आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वजन उतरतं. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले म्हणून हुरळून जाऊ नका. ग्लायकोजेनसोबत साठलेलं पाणी त्यात असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा अडला म्हणून हातपायही गाळू नका. रोज सकाळी एकाच वेळी वजन करून सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीची सरासरीशीच तुलना करा. यकृतातली चरबी मात्र आधी हलते. कॅलरी खऱ्या अर्थाने कमी झाल्या तर काही आठवड्यांतच उपाशीपोटीची साखर उतरताना दिसू शकते, तेव्हा आरशात फारसा फरक नसला तरी.

ताटाचं गणित

सुरुवात पिण्यापासून करा. साखर घातलेली पेयं आणि फळांचे रस आधी बंद. पाव लिटर फळाच्या रसात २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि पोट भरत नाही. त्यातल्या फ्रुक्टोजची विल्हेवाट मुख्यतः यकृतालाच लावावी लागते, आणि जादा झालं की तिथेच त्याची चरबी बनते. अख्खं फळ खायला हरकत नाही. दारूही याच यादीत येते, एका ग्रॅम अल्कोहोलमधून ७ किलोकॅलरी मिळतात.

मग ताट. निम्म्या भागात भाज्या, पाव भागात प्रथिनं, पाव भागात धान्य. बटाटा भाजीत मोजायचा नाही, तो धान्याच्या पावात. सांगायला सोपं आहे, पण हमखास घोळ होतात ते पुढच्या तीन ठिकाणी.

पहिला घोळ कच्च्या आणि शिजलेल्या वजनाचा. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात, १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ८०च्या आसपास. तक्ता कच्च्याचा आणि वाटी शिजलेल्याची, असा हिशेब केला की सगळंच तिप्पट चुकतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा दोन आठवडे वापरा, नंतर नजर तयार होते. वजन उतरवायचं असेल तर एका जेवणात शिजलेलं धान्य १२० ते १५० ग्रॅम धरून सुरुवात करा आणि सरासरी वजन कसं वागतंय ते बघून कमी-जास्त करा.

दुसरा घोळ डाळी-कडधान्यांचा. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत २२ ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं, पण सोबत ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकंही येतात. शाकाहारी माणसाने डाळ वाढवली आणि धान्य तेवढंच ठेवलं तर ताट जड होतं, वजन उतरत नाही. डाळ वाढली की धान्य कमी झालंच पाहिजे. प्रथिनांचं रोजचं लक्ष्य शरीराच्या वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम ठेवा. दही, पनीर, सोयाबीन, अंडी, मासे, चिकन, जे चालत असेल ते प्रत्येक जेवणात विभागून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच.

तिसरा घोळ तेलाचा. एका मोठ्या चमच्यात १४ ग्रॅम तेल, म्हणजे जवळपास १२० किलोकॅलरी. बाटलीतून थेट कढईत ओतलं की दोन चमचे कधी पडले कळतही नाही. मूठभर बदाम, अक्रोड चांगलेच, पण ३० ग्रॅमला पावणेदोनशे किलोकॅलरी होतात. ‘हेल्दी’ म्हणून डबा समोर घेऊन बसायचं नाही.

तंतू म्हणजे फायबर रोज २५ ते ३० ग्रॅम हवेत. आतापर्यंत कमी खात असाल तर दर आठवड्याला थोडे थोडे वाढवा आणि पाणीही वाढवा. एकदम वाढवले तर पोट फुगतं आणि माणूस चौथ्या दिवशी भाज्याच सोडून देतो. आधी भाजी आणि प्रथिनं, शेवटी धान्य, असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची साखर कमी उसळते. फुकटचा फायदा आहे, घ्यावा. लो-कार्ब की कमी चरबीचा आहार, सोळा तास उपास की तीन वेळा जेवण, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. जो प्रकार वर्षभर जमेल आणि ज्यात कॅलरी खरोखर कमी होतील तो निवडा. दालचिनी, मेथ्या, व्हिनेगर यांचा परिणाम असलाच तर वजन घटण्याच्या मानाने किरकोळ असतो.

व्यायाम: रोज थोडा, आठवड्यातून दोन-तीनदा जड

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा साखर आत घेणारी वाहकं इन्सुलिनच्या आदेशाशिवायही पेशीच्या पृष्ठभागावर येतात. म्हणजे रेझिस्टन्स असला तरी चालताना साखर स्नायूत जातेच. व्यायामानंतर वाढलेली संवेदनशीलता एक-दोन दिवस टिकते, मग ओसरते. म्हणून शनिवार-रविवारी तीन तास घाम गाळून पाच दिवस बसणं बरोबर नाही. सलग दोन दिवस खाडा पडू द्यायचा नाही, हा नियम पाठ करा.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं, अशा वेगाने की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. त्यातली १० ते १५ मिनिटं जेवणानंतर लगेच ठेवली तर साखर चढत असतानाच स्नायू ती उचलतात. बैठं काम असेल तर दर अर्ध्या तासाने तीन मिनिटं उठा.

स्नायूंचं वजन टिकवायला मात्र चालणं पुरत नाही. फक्त कमी खाऊन उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि साखर साठवायची जागाच घटते. पाच व्यायाम पुरे: खुर्चीवरून उठबस, पाठीवर झोपून नितंब उचलणं, भिंतीवर किंवा टेबलावर हात टेकून पुश-अप, रबरबँड ओढणं, पायरीवर चढ-उतार.

उठबस नीट अशी करा. साधारण ४५ सेंमी उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. पावलं खांद्याइतकी लांब, चवडे किंचित बाहेर. तीन मोजत खाली या, नितंब खुर्चीला नुसते टेकवा, वजन सोडू नका. मग टाचांवर जोर देऊन एका मोजणीत उभे राहा. गुडघे पावलांच्या दिशेतच हवेत, आत वळायला नकोत. उठताना श्वास सोडा. रोखून धरला तर रक्तदाब उसळतो. १०चे तीन सेट, मध्ये दीड मिनिट विश्रांती. शेवटच्या सेटनंतर आणखी पाच सहज जमले असते असं वाटलं तर व्यायाम हलका पडतोय, छातीशी २ ते ५ किलो वजन धरा. गुडघा दुखला तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

जोरदार व्यायामानंतर लगेच साखर मोजली तर ती थोडी वाढलेली दिसू शकते. अ‍ॅड्रेनलिनमुळे यकृत साखर सोडतं, थोड्या वेळाने ती खाली येते. घाबरून व्यायाम सोडू नका. छातीत दुखत असेल, चालताना धाप लागत असेल किंवा मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला इजा असेल, तर जड व्यायामाआधी तपासणी करून घ्या.

झोपेबद्दल थोडक्यात. काही रात्री पाच तासांवर काढल्या तरी इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद घटतो. सात तास हवेतच. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसा पेंग येणं असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करा.

औषधं चालू असतील तर

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेत असताना खाणं कमी केलं, व्यायाम वाढवला की साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस आधी बदलून घ्यायचा, चक्कर आल्यावर नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्यांसोबत कडक लो-कार्ब (अगदी कमी कर्बोदकांचा) आहार किंवा लांबलचक उपास केल्यास कीटोअ‍ॅसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल साठण्याचा, धोका असतो, आणि त्यात साखर फार वाढलेली नसतानाही माणूस गंभीर होऊ शकतो. गरोदरपणात हा वजन उतरवायचा कार्यक्रम करायचा नाही.

पुन्हा तपासणी

तीन महिन्यांनी. एचबीए१सी ही रक्ततपासणी साखरेची साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्याआधी ती पूर्ण बदल पकडत नाही. लोहाची कमतरता किंवा रक्ताचा इतर आजार असेल तर तो आकडा फसवा असू शकतो. तपासणीच्या आदल्या दिवशी जड व्यायाम टाळा. लो-कार्ब खात असाल आणि ग्लुकोज पिऊन करायची चाचणी असेल, तर आधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं खा, नाहीतर साखर विनाकारण वाढलेली येते.

कंबर घटली पण होमा-आयआर हलला नाही, तर उपाशी तासांची आणि लॅबची खात्री करून एकदा पुन्हा मोजा. कंबरही हलली नसेल तर काटा परत बाहेर काढा आणि एक आठवडा तेलासकट सगळं तोलून लिहा. एवढं करूनही उत्तर मिळालं नाही, तर चालू औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. स्टेरॉइड्स आणि मानसिक आजारांवरची काही औषधं वजन आणि रेझिस्टन्स दोन्ही वाढवतात. ती आपल्या मनाने बंद करायची नाहीत, पर्याय आहे का ते विचारायचं.