लक्ष्मी रस्त्यावर एका दिवसात लग्नाचा बस्ता

पुण्यात लग्नाचा बस्ता बांधायचा म्हणजे लक्ष्मी रस्ता, असे समीकरण अजूनही मोडलेले नाही. मात्र या भागात दिवस वाया जातो तो पैशांपेक्षा क्रम चुकल्यामुळे. सकाळी उत्साहाच्या भरात तुळशीबागेत शिरलेले कुटुंब दुपारी दोन वाजता हातात बारा पिशव्या घेऊन शालू पाहायला बसते, आणि दमलेल्या डोळ्यांना तेव्हा कोणताही शालू चालतो.

तयारी आदल्या रात्रीच करावी. मानपानाच्या साड्यांची यादी करताना केवळ नावे लिहून भागत नाही. प्रत्येक नावापुढे नाते, सहावारी की नऊवारी आणि किमतीची वरची मर्यादा लिहावी, म्हणजे दुकानात गादीवर बसल्यावर आत्याची साडी मावशीच्या साडीपेक्षा भारी झाली की काय, हा वाद दुकानदारासमोर होत नाही. सोबत चारपेक्षा अधिक माणसे नेऊ नयेत. नवरी, तिची आई, नेमके बोलणारी एक मावशी किंवा काकू आणि पिशव्या सांभाळणारा एक जण पुरेसे होतात. (पिशव्या सांभाळणाऱ्याचे मत कोणी विचारत नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवावे.)

गाडी घरी ठेवणे उत्तम. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाल्यापासून मंडई स्थानकातून बाहेर पडताच माणूस थेट बाजारात पोहोचतो. पिंपरी-चिंचवडकडून येणाऱ्यांना गाडी बदलावी लागत नाही. कोथरूडकरांनी मात्र जिल्हा न्यायालय स्थानकावर मार्ग बदलावा. दुचाकी आणायचीच असेल, तर मंडईजवळचे ‘आर्यन’ आणि ‘मिनर्वा’ हे वाहनतळ आहेत. जुन्या चित्रपटगृहांची नावे त्यांना अजून चिकटून आहेत.

दुकाने उघडता उघडता, म्हणजे साडेदहा-अकराच्या सुमारास, पहिला मुक्काम साड्यांच्या दुकानात असावा. या वेळी गर्दी नसते, विक्रेता ताजातवाना असतो आणि दहावी साडी उलगडतानाही त्याच्या कपाळावर आठी येत नाही. आधी शालू आणि पैठणी, मग अष्टपुत्री (लग्नविधीत नवरी नेसते ती पिवळी साडी), आणि आहेराच्या साड्या सर्वांत शेवटी पाहाव्यात. निवडलेली साडी दाराशी, सूर्यप्रकाशात नेऊन पाहण्यात कसलाही संकोच बाळगू नये, कारण दुकानातील दिव्यांखाली राणी रंग आणि वांगी रंग सहज फसवतात. पैठणी हातमागाची आहे असे सांगितले गेले, तर पदर उलटा करून पाहावा. हातमागावर विणलेल्या पदरावरील मोर आणि वेलबुट्टी मागच्या बाजूनेही जवळजवळ तितकीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या साडीच्या पाठीवर बहुधा सुटे किंवा कापलेले धागे आढळतात. रेशमाच्या खात्रीसाठी ‘सिल्क मार्क’ची चिठ्ठी पाहावी आणि ‘हातमाग’ हा शब्द बिलावर लिहून घ्यावा. तोंडी आश्वासनाला पावती नसते.

सोन्याची खरेदी याच दिवशी उरकण्याचा मोह टाळावा. मंगळसूत्राची मागणी नोंदवून, दागिना वेगळ्या दिवशी आणणे अधिक शहाणपणाचे, कारण अंगावर सोने घेऊन तुळशीबागेच्या गर्दीत फिरणे कोणालाच मानवत नाही. मागणी नोंदवताना भाव आजचा धरणार की दागिना नेण्याच्या दिवसाचा, घडणावळ किती, जुने सोने मोडीत दिल्यास घट किती धरणार, हे तिन्ही प्रश्न विचारावेत. बावीस कॅरेटच्या दागिन्यावर हॉलमार्कच्या चिन्हासोबत ९१६ हा आकडा आणि सहा अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक असतो. दागिना हाती घेताना तो भिंगातून पाहून घ्यावा.

दुपारी पोटपूजा. तुळशीबागेतील श्रीकृष्ण भुवनची मिसळ जुनी आणि झणझणीत आहे, पण बसायला जागा मिळण्यासाठी थोडे थांबावे लागते. काही दुकाने दुपारी अजूनही बंद राहतात, त्यामुळे या थांब्याने फारसे काही बिघडत नाही.

तुळशीबाग ठेवावी ती यानंतर. पेशवाईत नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी उभारलेल्या राममंदिराभोवती हा बाजार वाढला. मुंडावळ्या, बाशिंग, हळदीकुंकवाचे करंडे, नथ, बांगड्या, रुखवतासाठी भातुकली असे सारे येथे शंभर पावलांत मिळते. घासाघीस रस्त्यावरच्या विक्रेत्याशी करावी. ‘एकच भाव’ अशी पाटी असलेल्या दुकानात केल्यास दोघांचाही वेळ जातो. एकेका नगावर पाच-दहा रुपयांसाठी झगडण्यापेक्षा सर्व वस्तू एकत्र काढून एकूण रकमेवर सूट मागावी. ती बहुधा मिळते. सुटे पैसे जवळ ठेवावेत, कारण गर्दीत मोबाइलची रेंज नेमकी पैसे देतानाच जाते.

पितळी समई, तांब्याचा हंडा अशी जड भांडी अगदी शेवटी घ्यावीत. ती वजनावर विकली जातात, म्हणून काटा आपल्यासमोर लावून घ्यावा, आणि घरात जुनी पितळी भांडी पडून असतील तर मोड घेणार का, हे आधी फोनवर विचारावे. हाताने ठोकलेल्या मठारकामाची तांब्याची भांडी हवी असतील, तर कसबा पेठेतल्या तांबट आळीसाठी वेगळी सकाळ राखून ठेवावी.

परतीची गाडी पकडण्यापूर्वी १८८६ मध्ये सुरू झालेल्या मंडईच्या दगडी इमारतीपाशी पाच मिनिटे थांबून पिशव्या मोजाव्यात, साडीतला ब्लाउजपीस कापून वेगळा काढला असेल तर तो बरोबर आला आहे का ते पाहावे, आणि साडी बदलून देण्याची मुदत बिलावर लिहिलेली आहे याची खात्री करावी. ती नसेल, तर दुकान अजून उघडे असते आणि अंतर फार नसते.